रांग अकरा, कबर सात

६ जानेवारी

प्रिय ठोंब्या,

पाकीट बघून घाबरू नकोस, मी अजून आहे. फोनच करणार होते, पण फोनवर हल्ली मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी मनानेच जुळवते. मागच्या खेपेला तू "बदली झाली नाही" म्हणालास आणि मी इथे चार घरी तुझी बदली झाल्याचं सांगून आले. म्हणून हा कागद.

काम तुझ्याच खात्यातलं आहे. तुला नगरपालिकेच्या दफनभूमीत नोकरी लागली तेव्हा तुझी आई आठवडाभर रडत होती, "माझा मुलगा मेलेल्यांचा कारकून झाला" म्हणून. मी तिला म्हटलं होतं, अगं, घरातला माणूस तिथे असलेला काय वाईट? तर आता मी निघाले आहे तुझ्या दारात.

मला तुझ्या काकांच्या कबरीत जागा हवी आहे. ती आहेच, नवीन काही मागत नाही. कारखान्यात अपघात होऊन ते गेले तेव्हा मी तेहतीस वर्षांची होते. खणणाऱ्याला मी सांगितलं, दोघांचं खोल खण. तो म्हणाला, "बाई, तुमचं अजून वय काय!" मी म्हटलं, तू खण. तो बिचारा दुपारभर खणत होता. तू तेव्हा पाच वर्षांचा होतास आणि मातीच्या ढिगावर चढल्याबद्दल माझ्या हातची थप्पड खाल्ली होतीस.

तेवढा कबरीचा नंबर आणि हक्काचा कागद पाठवून दे. माझं काही घाईचं नाही, पण वेळेत झालेलं बरं. सूनबाईंना आठवण सांग.

तुझी,
मावशी

१९ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर आलं आणि शिपायाने ते "मृतांचे नातेवाईक" या ट्रेमध्ये टाकलं. दोन दिवस तिथेच पडून होतं. अक्षरावरून ओळखलं.

हे मरणाबिरणाचं काय काढलंस? तू आम्हा सगळ्यांना पोचवून जाशील. पण काम म्हणशील तर ते झालंच समज. मी आता हेडक्लार्क आहे, कपाटांच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात. काकांची कबर उत्तरेकडच्या भागात, भिंतीपासून जरा आत, एवढं मला पक्कं आठवतं. चौदा वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हा मीच तुला हात धरून नेलं होतं. रजिस्टर काढून नंबर बघतो आणि पुढच्या पत्रात कागद पाठवतो.

शहरात आता जागेची फार ओढाताण आहे. हायवेच्या पलीकडे नवीन दफनभूमी केली आहे, पण बस दिवसातून दोनदा जाते आणि झाडाचं एक पान नाही. लोक इथे येऊन माझ्या टेबलावर डोकं टेकवतात. मी नियम दाखवतो. तुला तसं काही करावं लागणार नाही, ही केवढी गोष्ट आहे!

तुझा,
ठोंब्या

२ फेब्रुवारी

प्रिय ठोंब्या,

जिवात जीव आला. आता खरं सांगते. डिसेंबरात माझ्या छातीचे फोटो काढले. डॉक्टर तरुण आहे, माझ्याकडे न बघता पोरीकडे बघून बोलत होता. हृदय मोठं झालंय म्हणे. मी त्याला म्हटलं, ते पहिल्यापासूनच मोठं आहे. तो हसला नाही, तेव्हा मला कळलं.

वर्ष म्हणतात. कमी-जास्त.

पोरीला मी अजून कबरीचं बोललेले नाही. तिचं म्हणणं असणार की आईने इथेच राहावं, तिच्या डोळ्यांसमोर. वडील गेले तेव्हा ती सहा वर्षांची होती, तिला त्यांचे फक्त बूट आठवतात. मी मात्र त्यांच्याबरोबर नऊ वर्षं राहिले आणि त्यांच्यावाचून अडतीस. इथे वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात सत्तर पोरींच्या भाकऱ्या मोजताना कधी जीव नकोसा झाला, तर मी स्वतःला एवढंच सांगायचे की माझी जागा ठरलेली आहे, कुणी हलवत नाही. लोकांना घरं असतात, तशी माझी ती होती.

नंबर कळव. हातात कागद आला की मग पोरीशी बोलेन.

मावशी

२० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुझ्या तब्येतीचं वाचून सुचेनासं झालं. औषधं वेळेवर घे.

कबरीच्या कागदाचं थोडं लांबणार आहे. पावसात छत गळून जुनी रजिस्टरं भिजली होती, ती बांधणीला गेली आहेत. आली की बघतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. ताईशी बोलण्याची घाई करू नकोस. एवढंच आज.

ठोंब्या

५ मार्च

प्रिय ठोंब्या,

तुझं एवढुसं पत्र वाचलं. तू हळवा आहेस, पहिल्यापासून. मावशीच्या मरणाचा कागद स्वतःच्या हाताने करायचा म्हटल्यावर तुझा हात अडखळणारच. मला कळतं रे. रजिस्टर बांधणीला गेलंय ही थाप मी पोटात घातली.

पण मला थांबवेना. मी पोरीला सांगून टाकलं. ती तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "म्हणजे मी कुठे रडायला यायचं? आठ तास गाडीत बसून?" मी म्हटलं, तुझ्या वडिलांसाठी तू कधी आठ तास बसलीस? हे बोलायला नको होतं. जावई उठून बाहेर गेले. शेवटी ती हो म्हणाली. तोंड सुजवून, पण हो म्हणाली.

माझं कपाट मी वसतिगृहाला देऊन टाकलं. पोरीच्या घरी माझ्या वरच्या खोलीत आता एक पलंग आणि एक पेटी आहे. फार हलकं वाटतं. एवढं हलकं मला लग्नाच्या आधी वाटायचं.

आता तू मन घट्ट कर आणि कागद पाठव. मी रागावणार नाही.

मावशी

२८ मार्च

मावशी,

रजिस्टर बांधणीला गेलं नव्हतं. एवढी एकच थाप तू ओळखलीस, पण तिच्यामागचं ओळखलं नाहीस. तुझं पत्र माझ्या खिशात तीन आठवडे आहे. आज लिहिलं नाही तर मी कधीच लिहिणार नाही.

काकांची कबर उत्तर भाग, रांग अकरा, कबर सात. ती आता काकांच्या नावावर नाही.

इथे कबरीचा हक्क पंचवीस वर्षांचा असतो. मुदत संपली की घरच्यांनी येऊन तो पुढे चालवायचा. कोणी आलं नाही तर काही महिने वाट बघून ती जागा दुसऱ्याला देतात. तेरा वर्षांपूर्वी उत्तर भागातल्या दोनशे बारा कबरी अशा दिल्या गेल्या. तुला नोटीस पाठवली होती. ती कारखान्याच्या चाळीच्या पत्त्यावर गेली. चाळ त्याच्या किती आधी पाडली होती तुला माहीत आहे. पाकीट परत आलं, त्यावर पोस्टमनने लिहिलंय, "इमारत नाही." ते मला फायलीत सापडलं. पत्ता टायपिस्टबाईंनी टाइप केलेला आहे. तुझा खरा पत्ता त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशातल्या डायरीत होता, मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो.

दोनशे बारा कबरींची यादी माझ्यासमोर सहीला आली. त्यात नावं नव्हती, फक्त आकडे होते. साहेब जेवायला निघाले होते. मी प्रत्येक पानावर सही केली. "तपासले." खाली माझी सही. मावशी, मी तपासलं नव्हतं.

त्याच्या आदल्या वर्षी तर मी तुला तिथे हात धरून नेलं होतं. तेव्हा मुदतीचं माझ्या डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाला नियम लागतो असं मला वाटलंच नाही बहुतेक.

काकांना कुठे हलवलेलं नाही. त्यांचं जे होतं ते तिथेच, आणखी खाली नीट पुरलं. वर दोघांची जागा केली. खोल खणलेल्या कबरी आधी निवडल्या होत्या, कारण त्यात काम कमी पडतं. आता वर एक बाई आहेत. त्यांचे यजमान गणिताचे मास्तर होते. दुसरी जागा त्यांनी स्वतःसाठी ठेवली आहे. ते दर गुरुवारी चारला येतात. हक्क वेळेवर चालवतात. कागद चोख आहेत. मीच केलेले आहेत.

मी साहेबांना विचारलं, आणखी एकीला जागा होईल का. वरून किती माती राहायला हवी याचा नियम आहे, तो त्यांनी मला वाचून दाखवला. मीच तो नियम रोज लोकांना वाचून दाखवतो.

काकांचा दगडही शोधला. तेव्हाचे दगड पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या वाटेच्या कडेला बसवले आहेत, अक्षरं जमिनीकडे करून. मुकादमाला घेऊन अकरा दगड उपटून पाहिले. मग साहेबांनी थांबवलं.

मुकादम म्हणाला, "म्हाताऱ्या बाईला काय कळणार? पश्चिमेला एक बेवारस कबर आहे, तिथे पाटी लावू, म्हणू हीच." मी त्याला नाही म्हणालो. लगेच नाही. दोन दिवसांनी.

काय लिहू?

ठोंब्या

९ एप्रिल

ठोंब्या,

पत्र पोरीने वाचून दाखवलं, कारण दुसऱ्या पानापासून मला दिसेना. तिने "वर एक बाई आहेत" इथे वाचायचं थांबवलं. मी म्हटलं, वाच.

अडतीस वर्षं मी एकटी झोपले आणि ह्यांच्यावर एक गणिताच्या मास्तरांची बायको! हे मी मोठ्याने म्हटलं आणि हसले. मग बराच वेळ हसतच राहिले. पोरीने डॉक्टरला बोलावलं.

तुझ्यावर मी किती रागावले आहे ते लिहून दाखवता येत नाही. तू सही केलीस म्हणून नाही. सह्या माणसं करतात. तू मला फेब्रुवारीत सांगितलं असतंस तर मी पोरीला तिच्या वडिलांवरून ते बोलले नसते. ते आता परत घेता येत नाही.

एकच विचारते. त्या मास्तरांनी आपली जागा मला दिली तर चालतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही. नियम वाचून दाखवू नकोस.

मावशी

१८ एप्रिल

मावशी,

हो. त्यांनी लेखी संमती दिली तर चालतं.

पण मी त्यांना विचारू शकत नाही. खात्यातल्या माणसाने कुणाकडे जागा मागितली तर नोकरी जाते. आणि नोकरीचं सोड, मला तोंड नाही. तूही विचारू नकोस असं मला म्हणायचं आहे, पण तेही कुठल्या तोंडाने म्हणू?

ठोंब्या

७ मे

ठोंब्या,

मी येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही, सूनबाईंना वाईट वाटेल, तिला काहीतरी सांग. पोर स्टेशनवरच्या बाकावर थांबली. म्हणाली, "तू एकटी जा, मला तिथे रडू येईल." रिक्षावाल्याने फाटकाशी सोडलं. पाणी पीत, थांबत, अकराव्या रांगेपर्यंत जायला मला पाऊण तास लागला.

संमतीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. पोरीने सुवाच्य अक्षरात लिहिला होता. फक्त सही बाकी.

मास्तर चारला आले. उंच, वाकलेले, इस्त्रीचा शर्ट, पण एक बटण चुकीच्या काजात. मला बघून त्यांनी बाकावरची पानं हाताने झाडली आणि म्हणाले, "बसा ना. उन्हात उभ्या का?" मग पिशवीतून पाण्याची बाटली आणि दात घासायचा जुना ब्रश काढला आणि दगडावरची अक्षरं घासायला लागले. एकेक अक्षर. उकारसुद्धा.

मला म्हणाले, "तुमचं कोण?"

"आमचे हे," मी म्हटलं.

"कुठे?"

"इथेच. जवळच."

त्यांनी मान हलवली. मी पर्स उघडली. तेवढ्यात ते आपणहून बोलायला लागले. बायको गेली तेव्हा शहरात जागा नव्हती. नवीन दफनभूमीचा रस्ता झाला नव्हता. तीन दिवस तिला हॉस्पिटलच्या थंड खोलीत ठेवावं लागलं आणि हे रोज त्या खोलीच्या बाहेर खुर्चीवर बसून राहायचे, आत सोडत नसत. चौथ्या दिवशी दफनभूमीच्या ऑफिसातून एक कारकून स्वतः धावत आला आणि म्हणाला, "जागा झाली, आणि तुमच्यासाठीही आहे." मास्तर म्हणाले, "त्याचे उपकार मी विसरणार नाही. मूल ना बाळ, माझं कोण करणार ही धास्ती होती. आता काही नाही. यायचं आणि झोपायचं."

तो कारकून तूच होतास ना? तू कधी मला हे सांगितलं नाहीस.

मी पर्स मिटली. कागद बाहेर काढायचा तर काय म्हणून काढायचा? तुम्ही तीन दिवस खुर्चीवर बसलात आणि मी अडतीस वर्षं बसले, म्हणून तुम्ही उठा? मला नाही जमलं. ह्यांना तिथे टाकून मी उठून आले असं वाटतंय, आणि दुसरं काही करता आलं असतं असंही वाटत नाही.

निघताना मी खाली वाकून दगडावर हात ठेवला. मास्तर म्हणाले, "ठेवा, ठेवा. तिला माणसं फार आवडायची."

त्यांना कधी काही कळू देऊ नकोस. हे मी तुला शपथ घालून सांगते.

मावशी

२१ मे

प्रिय मावशी,

तू आलीस ते मला माहीत होतं. माझं टेबल दुसऱ्या मजल्यावर खिडकीशी आहे. फाटकातून शिरलीस तेव्हा चालण्यावरून ओळखलं. मास्तरांशेजारी बसलीस, पर्स उघडलीस, मिटलीस, सगळं दिसत होतं. फक्त ऐकू येत नव्हतं. मी दोनदा जिन्यापर्यंत आलो आणि परत गेलो. तू फाटकाबाहेर पडल्यावर खाली धावलो, तोवर रिक्षा वळली होती.

हो, तो कारकून मीच होतो. मला त्या वेळी फार बरं वाटलं होतं, मावशी. घरी जाऊन तुझ्या सूनबाईला सांगितलं होतं की आज नोकरीत पहिल्यांदा कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

मी साहेबांकडे लेखी अर्ज दिला आहे, की यापुढे यादीत आकड्यांबरोबर नाव असावं. त्यांनी तो वरच्या ऑफिसला पाठवला. वरच्या ऑफिसने आमच्याकडे अभिप्रायासाठी परत पाठवला. तो सध्या माझ्याच टेबलावर आहे.

ताईला सांग, तिने कधी यावंसं म्हटलं तर मी स्टेशनवर न्यायला येईन. तब्येत कळव. दोन ओळी पुरेत.

ठोंब्या

१२ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

ताईकडून तुझी खबर कळते. तू लिहीत नाहीस, ठीक आहे. पण हे तुला मीच सांगायला हवं.

मास्तर गेले. गेल्या गुरुवारी आले नाहीत तेव्हाच मला शंका आली होती. शनिवारी त्यांची एक लांबची पुतणी आणि दोन जुने विद्यार्थी कागद घेऊन आले. विद्यार्थीही आता पिकल्या केसांचे आहेत. रांग अकरा, कबर सात, उघडण्याचा हुकूम. मी या वेळी नाव वाचलं, मग आकडा वाचला, मग सही केली.

खणताना मी तिथे उभा राहिलो. हेडक्लार्कने उभं राहायची पद्धत नाही, मुकादम माझ्याकडे बघत होता. वरचीच जागा असल्यामुळे फार खाली जावं लागत नाही. मुकादमाने मोजपट्टी सोडून बघितली आणि म्हणाला, "आणखी चार बोटं घेऊ का? पेटी सैल बसेल." मी म्हटलं, नको, एवढं बस. तेवढंच माझ्या हातात होतं. काकांपर्यंत कुणी गेलं नाही. ते फार खाली आहेत, मावशी. तू खरंच खोल खणून घेतलं होतंस.

माती भरल्यावर वर जाऊन रजिस्टर काढलं. "शिल्लक जागा" या रकान्यात "नाही" लिहायचं असतं. लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात काकांचं नाव लिहिलं. साहेबांनी दुसऱ्या दिवशी पाहिलं आणि विचारलं, हे कोण. मी सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, माणूस वाईट नाही. मग म्हणाले, "हक्क संपलेल्याचं नाव ठेवता येत नाही, तपासणीत येईल." त्यांनी पट्टी पुढे सरकवली. मी आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली.

तुला जागा देता आली नाही. नावही ठेवता आलं नाही.

ठोंब्या

२६ नोव्हेंबर

प्रिय ठोंब्या,

हे पोर लिहून घेते आहे, माझा हात थरथरतो. मध्येच ती थांबली तर समज की नाक पुसते आहे.

मास्तरांचं ऐकून वाईट वाटलं. एकदाच भेटले होते, पण ओळखीचं माणूस गेल्यासारखं झालं. तुझ्या काकांचं नाव तू लिहिलंस ते मला पोचलं. रेघ मारलीस तेही पोचलं. आता त्यावर रडत बसू नकोस, तुला घरी बायको आहे, तिला काय सांगशील?

मी तुला माफ केलं का, असं तू एकाही पत्रात विचारलं नाहीस, ते बरं केलंस. मला माहीत नाही. काही दिवशी वाटतं केलं. काही दिवशी सकाळी उठल्याबरोबर ते दोनशे बारा आकडे डोळ्यांसमोर येतात आणि मला वाटतं, बाकीच्या दोनशे अकरा बायकांना अजून कळलंही नसेल.

मागच्या आठवड्यात पोर मला इथली दफनभूमी दाखवायला घेऊन गेली. तिच्या घरापासून चालत दहा मिनिटं. माझ्या चालीने अर्धा तास. शाळेच्या भिंतीला लागून आहे, मधल्या सुट्टीत फार गलका असतो. एका कोपऱ्यात त्यांनी मला जागा दाखवली. चारी बाजूंना गवत, शेजारी अजून कुणी नाही. पोर सांगत होती की तिला रोज सकाळी इथे येता येईल. पुढे बाक करून घेऊ, झाड लावू, असं बरंच काही बोलत होती. फार दिवसांनी तिचा चेहरा उजळला होता.

मला दम लागला म्हणून मी तिथे गवतावर बसले. ती माझ्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "आई, आवडली का?"

मी म्हटलं, बरी आहे.

मावशी